मुळांचा हिशोब

पानगळ शिकवताना आपण वर्गात एक वाक्य हमखास सांगतो: पान गाळण्यापूर्वी झाड त्यातली उपयोगी द्रव्ये परत काढून घेते. वाक्य बरोबर आहे. हिरवे पान आणि त्याच झाडाचे गळलेले पिवळे पान यांचे रासायनिक पृथक्करण केले, तर हिरव्या पानातले निम्मे, कधी निम्म्याहून अधिक नत्र आणि स्फुरद गळलेल्या पानातून नाहीसे झालेले दिसते. ते फांदीत, खोडात जाते आणि पुढच्या पालवीला उपयोगी पडते.

काही वर्षांपूर्वी एका शिक्षक-शिबिरात आम्ही हे सांगत होतो. बोलून झाल्यावर मागच्या बाकावरून एका बाईंनी विचारले, "मग मुळांचे काय? बारीक मुळेही मरतातच ना? मरणाऱ्या मुळांतले झाड परत घेते का?"

आम्ही "घेत असावे" असे म्हणून वेळ मारून नेली. ते उत्तर अंदाजाने दिलेले होते, आणि बाईंच्या ते लक्षात आले असावे असे त्यांच्या चेहऱ्यावरून वाटले. घरी आल्यावर आम्ही जुने प्रबंध उघडून बसलो आणि चकित झालो. पानांविषयी हा प्रश्न एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासून विचारला जात आहे. मुळांविषयी तो शीर्षकात मांडणारा, या क्षेत्रात सतत उल्लेखला जाणारा शोधनिबंध मात्र १९८७ सालचा. त्या निबंधाने दिलेले उत्तर पुढे वीसेक वर्षे बहुतेकांनी मान्य केले, आणि नंतर एका साध्या शेकडेवारीच्या गणिताने ते डळमळीत झाले. ही सगळी हकीकत शिक्षकांनी वाचावी अशी आहे.

आधी पानांकडे वळू, कारण मुळांच्या बाबतीत काय चुकले ते त्याशिवाय कळणार नाही.

जिनिव्हाचे निकोला-तेओदोर द सोस्यूर यांनी १८०४ साली वनस्पतींच्या रसायनावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. झाडाचे निरनिराळे भाग जाळायचे, उरलेली राख तोलायची आणि तिच्यात काय काय आहे ते पाहायचे, असे चिकाटीचे काम त्यात आहे. ओकची वसंतातली कोवळी पाने आणि शरदातली जून पाने यांच्या राखेत त्यांना फरक आढळला. वाढत्या वयाबरोबर काही द्रव्ये कमी होत होती, काही वाढत होती. पुढे १८६० च्या दशकात जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ यूलियस झाक्स यांनी सूक्ष्मदर्शकाखाली शरदातली पाने तपासली आणि पेशींतला साठा ओसरत जातो हे पाहिले. 'पान रिकामे होते' ही कल्पना तेव्हापासून रुळली.

याच सुमारास बव्हेरियाच्या जंगलांत एक वेगळाच तंटा चालू होता. अठराव्या शतकापासून मध्य युरोपात गुरे गोठ्यात बांधून पोसण्याची पद्धत वाढली. गुरांच्या पायाखाली अंथरायला पेंढा पुरेना. तेव्हा शेतकरी दाताळी घेऊन जंगलात जात, झाडांखालचा पाचोळा ओढून आणत, गोठ्यात पसरत आणि शेणामुताने भिजलेला तो पाचोळा मग शेतात टाकत. शेताला खत मिळे. जंगलाची माती मात्र वर्षानुवर्षे उघडी पडत गेली आणि झाडांची वाढ खुंटू लागली. वनाधिकारी म्हणत, पाचोळा नेणे बंद करा. शेतकरी म्हणत, मग आमच्या शेतात काय घालू? आपल्याकडे कोकणात आणि घाटावर भाताच्या रोपांसाठी राब भाजतात. त्यासाठी फांद्या आणि पाला तोडण्यावरून शेतकरी आणि ब्रिटिश वनखाते यांच्यात जे खटके उडाले, ते ज्यांना ठाऊक आहेत त्यांना हा वाद ओळखीचा वाटेल. दोन्हीकडे प्रश्न एकच होता: पाल्यातले सत्त्व कोणाचे, रानाचे की शेताचे?

एर्न्स्ट एबरमायर यांनी या वादात आकडे आणले. बव्हेरियातील जंगलांत एका वर्षात जमिनीवर किती पाचोळा पडतो आणि त्यातून मातीला कोणती द्रव्ये किती परत मिळतात, याची मोजदाद करून त्यांनी १८७६ साली ग्रंथ लिहिला. जंगल स्वतःचे खत स्वतःच पुरवते, ही गोष्ट त्यामुळे आकड्यांत दिसली. पाचोळ्याचा तो हिशोब पुढे शंभर वर्षे वनशास्त्राचा पाया राहिला. त्याबद्दल एबरमायर यांचे ऋण मान्य करूनही एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्यांच्या वहीत जे पडले, ते वरून पडलेले होते. जमिनीखाली दरवर्षी जे मरत होते त्याला त्या वहीत रकाना नव्हता.

पानांच्या संशोधनात शंकाही लवकरच निघाल्या. पानातले द्रव्य कमी झाले म्हणजे ते झाडाने परत घेतले, हे कशावरून? पावसाने धुवून नेले नसेल का? पालाश तर पावसाच्या सरींबरोबर पानातून सहज वाहून जाते. शिवाय पान वाळताना त्याचे वजनही घटते. म्हणून 'शंभर ग्रॅम पानात अमुक इतके' या मोजमापावर सर्वस्वी विसंबता येत नाही. यावर दोन तोडगे निघाले. एक म्हणजे पानाला ठरावीक मापाची भोके पाडून तेवढ्याच क्षेत्रफळाच्या चकत्या तपासणे. दुसरा अधिक चतुर होता. कॅल्शियम हे द्रव्य रसवाहिन्यांमधून जवळजवळ परत फिरत नाही, एकदा पानात गेले की तिथेच राहते. मग कॅल्शियमच्या तुलनेत नत्र किती, हे पाहिले की वजनातल्या फेरफाराचा घोळ बराच टळतो. हे तोडगे लक्षात ठेवावेत, पुढे लागतील.

आता झाक्स यांच्याकडे परत. याच गृहस्थांनी १८७३ साली मुळांच्या वाढीवर मोठा निबंध लिहिला. त्यासाठी त्यांनी तिरप्या काचेची एक पेटी वापरली. बी काचेजवळ पेरले की मुळे खाली जाताना काचेला चिकटून वाढतात आणि बाहेरून दिसतात. म्हणजे पान रिकामे होते असे सांगणारा आणि जिवंत मूळ काचेतून पाहणारा शास्त्रज्ञ एकच. पण त्यांना मुळांच्या वाढीत रस होता, मरणात नव्हता. पेटी काही दिवस चालवायची, वाढ मोजायची, संपले. मूळ म्हातारे होईपर्यंत थांबण्याचे कारणच नव्हते. हा योगायोग आम्हाला नेहमी चुटपुट लावतो.

मुळांकडे दुर्लक्ष झाले त्याचे खरे कारण आळस नव्हे. मूळ पाहायचे तर खणावे लागते आणि खणले की ते मूळ त्या जागी राहत नाही. अमेरिकेतील नेब्रास्काचे जॉन वीव्हर यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत माणसाच्या उंचीहून खोल चर खणून गवतांची आणि पिकांची मुळे हाताने मोकळी केली आणि त्यांची चित्रे काढली. १९३७ साली हॉवर्ड डिटमर यांनी राय या धान्याचे एकच रोप चार महिने एका पेटीत वाढवले. पेटीतली माती दोन घनफुटांहून कमी. सगळी मुळे धुऊन, नमुने मोजून त्यांनी हिशोब केला तेव्हा त्या एका रोपाच्या मुळांची एकूण लांबी सुमारे ६२० किलोमीटर भरली, आणि ती मूलरोम सोडून. एका रोपाचे हे प्रकरण, मग जंगलातल्या वृक्षाचे काय असेल! त्याच वर्षी इंग्लंडमध्ये बेट्स यांनी जमिनीत काचेची नळी पुरून तिच्यात आरसा आणि दिवा सोडून मुळे पाहण्याची युक्ती प्रसिद्ध केली. १९६० च्या दशकात केंट परगण्यातील ईस्ट मॉलिंग येथे सफरचंदाच्या झाडांखाली चक्क एक भुयारी दालन बांधण्यात आले. त्याच्या भिंतींना खिडक्या होत्या आणि खिडक्यांपलीकडे माती. तिथे बसून तेच मूळ आठवड्यामागून आठवडे पाहता येई. पुढे बेट्स यांच्या नळीत आरशाऐवजी छोटा कॅमेरा आला आणि ही पद्धत जगभर पसरली.

या खिडक्यांतून जे दिसले ते अनपेक्षित होते. जाड मुळे झाडाएवढी जगतात, पण टोकाकडची अगदी बारीक मुळे पानांसारखी येतात आणि जातात. काही तर थोड्याच आठवड्यांत काळवंडून नाहीशी होतात. जमिनीखालीही पानगळ चालू होती म्हणायची, फक्त तिला ऋतू ठरलेला नव्हता.

मग हिशोबाची निकड वाटू लागली. १९९७ साली जॅक्सन, मूनी आणि शुल्झ यांनी जगभरचे आकडे एकत्र करून म्हटले, की बारीक मुळे वर्षातून एकदा बदलली जातात असे धरले, तर जमिनीवरील वनस्पती वर्षभरात जे काही नवे घडवतात त्याचा सुमारे ३३ टक्के भाग एकट्या बारीक मुळांवर खर्च होतो. २०१५ साली मॅककॉर्मॅक आणि सहकाऱ्यांनी तो आकडा खाली आणून २२ टक्के केला. तरीही तो लहान नाही. आता बाईंचा प्रश्न पुन्हा वाचा. एवढे धन ज्या अवयवात गुंतवायचे तो मरताना त्यातले नत्र, स्फुरद झाड सोडवून घेते की मातीला देऊन टाकते? सोडवून घेत असेल, तर झाडाला दरवर्षी मातीतून नव्याने कमी घ्यावे लागेल. देऊन टाकत असेल, तर जंगलाच्या मातीचे निम्मे खत आपण एबरमायर यांच्यापासून मोजलेलेच नाही. खत किती द्यावे, लागवडीतून लाकूड किती वेळा काढावे, जंगल किती कार्बन धरून ठेवील, या सगळ्या गणितांत हा आकडा कुठेतरी दडलेला असतो.

१९८७ साली कॅनडातील वनसंशोधनाच्या एका नियतकालिकात एक छोटा निबंध आला. त्याचे शीर्षकच प्रश्नार्थक होते: बारीक मुळांतून पोषकद्रव्ये परत फिरतात का? लेखक ई. के. सदानंदन नांबियार. ते ऑस्ट्रेलियातील सीएसआयआरओ या संशोधन-संस्थेत रेडिएटा पाइनच्या लागवडींवर काम करीत होते. हे पाइन मूळचे कॅलिफोर्नियाचे, पण दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या निकृष्ट वाळूत त्याची मोठी लागवड झाली होती. तिथे पोषकद्रव्यांचा कण न् कण मोलाचा. अशा जागी झाड काटकसर करणारच, मुळांतूनही वसुली करणारच, असे वाटणे स्वाभाविक. नांबियार यांनी जिवंत आणि मरत आलेल्या मुळांची तुलना केली. उत्तर आले, 'नाही'. सुया म्हणजे पाइनची पाने रिकामी होत होती, मुळे होत नव्हती.

२००० साली गॉर्डन आणि जॅक्सन यांनी पन्नासहून अधिक प्रकाशित अभ्यासांतील आकडे गोळा करून तोच कौल दिला. जिवंत आणि मेलेल्या बारीक मुळांतील नत्राच्या प्रमाणात म्हणण्यासारखी घट दिसत नव्हती. क्वचित मेलेल्या मुळात नत्र उलट जास्तच भरत होते. मूळ जसे जगते तसेच मरते, काही मागे ठेवून नाही, काही बरोबर घेऊन नाही, असे चित्र पक्के झाले. जंगलाची गणिते मांडणाऱ्यांची त्यामुळे सोयच झाली. जिवंत मुळात जितके नत्र तितकेच मातीला मिळाले असे धरायचे, की झाले.

इथे आमच्या प्रयोगशाळेतली एक गोष्ट सांगतो. मातीचा नमुना चाळणीवर धुतला की बारीक मुळांचा एक ओला गुंता उरतो. तो पांढऱ्या तबकात पाण्यात सोडायचा आणि चिमट्याने जिवंत मुळे एका बाजूला, मेलेली दुसऱ्या बाजूला करायची. जिवंत मूळ फिकट, लवचिक, वाकवले तर वाकते. मेलेले काळपट, ठिसूळ, साल सुटलेली. वाचायला सोपे वाटते. एकदा आम्ही एकाच तबकाचे दोन सारखे भाग करून दोन विद्यार्थ्यांना दिले. दोघांच्या मेलेल्या मुळांच्या ढिगात इतका फरक पडला, की आम्हाला दोघांनाही बोलता येईना. एकाने जे नुकतेच मेले असे मानले ते दुसऱ्याच्या मते म्हातारे पण जिवंत होते. पानाला देठाशी सुटण्याचा थर असतो. तो तुटला की पान गळले, तारीख लिहून ठेवा. मुळाला असा थर नाही. ते मरते आणि मेल्यावरही तिथेच राहते. त्याच्यावर बुरशी, जीवाणू वाढतात आणि ते स्वतःचे नत्र घेऊन येतात. 'मेलेल्या मुळातील नत्र' म्हणून आपण जे मोजतो त्यातले काही या नव्या बिऱ्हाडकरूंचेच असते.

बुरशी तर मूळ जिवंत असल्यापासून तिथे असते. प्रशियाच्या सरकारला ट्रफल नावाच्या महागड्या भूछत्राची लागवड करून पाहायची होती. त्या कामात आल्बर्ट फ्रांक यांना दिसले, की झाडांची बारीक मुळे बुरशीच्या म्यानात गुंडाळलेली आहेत. बुरशी आणि मूळ यांच्या या संसाराला त्यांनी १८८५ साली मायकोरायझा असे नाव दिले. ट्रफल काही त्यांना पिकवता आले नाहीत. पण त्यामुळे मुळाचा हिशोब हा कधीच एकट्या मुळाचा राहत नाही, हे तेव्हाच कळायला हवे होते.

२००९ साली कंकल, वॉल्टर्स आणि कोबी या अमेरिकी संशोधकांनी जुन्या कौलातील दुखरी जागा दाखवली. ती समजायला दहावीचे गणित पुरे. वर्गात हे फळ्यावर घालून पाहावे.

समजा, १०० ग्रॅम जिवंत मुळे आहेत, कोरड्या वजनाची. त्यांत दीड टक्का नत्र, म्हणजे १.५ ग्रॅम. मुळे म्हातारी होऊन मेली. या काळात त्यांतली साखर, पिष्ट आणि इतर मऊ द्रव्ये संपली. काही श्वसनात जळाली, काही निघून गेली. उरली ६५ ग्रॅम. नत्रही थोडे गेले, १.५ चे १.२ ग्रॅम झाले. आता नत्राची शेकडेवारी काढा. १.२ भागिले ६५, म्हणजे सुमारे १.८५ टक्के. नत्र पाचव्या हिश्शाने कमी झाले, आणि शेकडेवारी मात्र दीडवरून जवळजवळ पावणेदोनच्याही पुढे गेली! ज्याने फक्त शेकडेवारी पाहिली तो म्हणणार, नत्र तर वाढले, झाडाने परत काय घेतले? पाने अभ्यासणाऱ्यांना हा सापळा ठाऊक होता. म्हणूनच त्यांच्या चकत्या आणि कॅल्शियमचा आधार. मुळांच्या बाबतीत हा धडा पुरेसा वापरला गेला नव्हता.

वरचे आकडे आम्ही सोयीसाठी घेतले, पण खरे निकाल याच पट्ट्यातले आहेत. कंकल आणि सहकाऱ्यांनी कुंड्यांमध्ये अ‍ॅस्पेन, लाल मेपल, शुगर मेपल आणि पिवळा बर्च यांची रोपे वाढवली. मुळांची लांबी आणि दर लांबीमागचे वजन मोजून त्यांनी वजनातली घट काढली. ती २८ ते ४० टक्के निघाली. नुसते प्रमाण पाहिले तर मेलेल्या मुळात नत्र १० ते ३५ टक्क्यांनी वाढलेले दिसत होते. वजनातली घट हिशोबात धरली, की तेच नत्र १२ ते २८ टक्क्यांनी कमी झालेले निघाले. मग त्यांनी पूर्वीच्या प्रकाशित आकड्यांना हीच दुरुस्ती लावून पाहिली, आणि मेलेल्या मुळांत सरासरी २८ टक्के नत्र कमी आढळले. कॅल्शियमची युक्तीही त्यांनी वापरली, पण तिच्यावर फार भिस्त ठेवली नाही, ते योग्यच केले. मुळाभोवतीच्या मातीतच कॅल्शियम असते, ते मेलेल्या मुळाला येऊन चिकटू शकते. पानाला जो मापदंड चालतो तो मुळाला चालेलच असे नाही.

आम्हाला या निबंधाचा दुसरा गुण अधिक आवडतो. हे २८ टक्के झाडानेच परत घेतले असा दावा लेखकांनी केला नाही. काही भाग पाण्याबरोबर मातीत झिरपला असेल, काही जीवाणूंनी उचलला असेल, झाडाच्या वाट्याला नेमके किती आले ते या प्रयोगावरून ठरत नाही, असे त्यांनी स्पष्ट लिहिले. म्हणजे 'मुळे काहीच परत देत नाहीत' हे विधान गेले, पण त्याच्या जागी 'देतात' हे विधान आपोआप आले नाही. मुलांना विज्ञानातले हे मधले अंतर दाखवायला याहून चांगले उदाहरण आम्हाला तरी माहीत नाही.

पुढच्याच वर्षी, २०१० साली, फ्रेशे आणि सहकाऱ्यांनी स्वीडनच्या अगदी उत्तरेकडील आबिस्कोच्या परिसरातील चाळीस जातींच्या वनस्पतींचा अभ्यास प्रसिद्ध केला. थंडी फार, माती गरीब, वाढीचा मोसम तोकडा. तिथे पानांतून सुमारे ६६ टक्के नत्र परत घेतले जात होते, बारीक फांद्यांतून ४८ टक्के आणि बारीक मुळांतून २७ टक्के. स्फुरदाचे आकडे वेगळेच निघाले. पानांत सुमारे ६३, फांद्यांत ५६ आणि मुळांत ५७ टक्के. नत्राच्या बाबतीत मुळे पानांच्या निम्म्यावरही नाहीत, स्फुरदाच्या बाबतीत मात्र जवळजवळ खांद्याला खांदा.

नत्रात मुळे मागे का पडतात, याचे एक कारण त्यांच्या घडणीत आहे. पानातील नत्राचा मोठा वाटा हवेतला कार्बन पकडणाऱ्या एका प्रथिनात आणि हरितद्रव्याच्या सोबतच्या प्रथिनांत असतो. पानाचे काम संपले की ती प्रथिने तोडून त्यांचे तुकडे रसवाहिन्यांतून पाठवता येतात. शरदात ही मोडणी ठरवून, टप्प्याटप्प्याने होते. बारीक मुळाजवळ असे मोठे कोठार नाही. शिवाय मूळ नेहमी सावकाश म्हातारे होऊन मरत नाही. मातीतला एखादा किडा त्याला कुरतडतो, माती एकाएकी सुकते, बुरशी मुळाला खाऊन टाकते. घर जळत असताना सामान बाहेर काढायला वेळ मिळतोच असे नाही.

दुसरे कारण अलीकडे ध्यानात आले. आजवर दोन मिलिमीटरहून बारीक ते सारे 'बारीक मूळ' असे धरण्याची प्रथा होती. २००२ साली प्रेगिट्झर आणि सहकाऱ्यांनी उत्तर अमेरिकेतील नऊ वृक्षजातींची मुळे फांद्यांसारखी टोकाकडून मोजत आणली. अगदी टोकाची ती पहिल्या क्रमाची, दोन टोके मिळून दुसरा क्रम, असे. टोकाची मुळे सर्वांत बारीक, संख्येने सर्वांत जास्त आणि नत्राने सर्वांत समृद्ध निघाली. म्हणजे दोन मिलिमीटरच्या एकाच पिशवीत आपण पाने आणि डहाळ्या एकत्र भरून त्यांचे सरासरी वय काढत होतो. काचेच्या नळीतून पाहणारे म्हणत, मुळे वर्षभरातच मरतात. अणुचाचण्यांमुळे हवेत वाढलेल्या किरणोत्सारी कार्बनचा माग काढणाऱ्या गॉडिन्स्की आणि सहकाऱ्यांना २००१ साली अमेरिकेच्या पूर्वेकडील जंगलांत मुळांचे सरासरी वय ३ ते १८ वर्षे आढळले. दोन्ही गटांची मोजणी बरोबर होती. एकाला पाने जास्त दिसत होती, दुसऱ्याला डहाळ्या.

२०१० साली चीनमधील संशोधकांनी मांचुरियन अ‍ॅश या वृक्षात दाखवले, की टोकाच्या मुळांचा एक आख्खा झुबका एकत्र जन्मतो आणि एकत्रच मरतो. शेवग्याचे संयुक्त पान दांड्यासकट गळावे तसे. याच वर्षी आणखी एक उलटी गोष्ट पुढे आली. नत्र भरपूर असलेला पाचोळा लवकर कुजतो, हे आपण शिकवतो. पण टोकाची, नत्रसमृद्ध मुळे त्यांच्यापेक्षा जाड मुळांहून सावकाश कुजताना आढळली. झाड ज्याची वसुली करत नाही ते मातीला लगेच मिळतेच असेही नाही, ते वर्षानुवर्षे तिथेच अडकून पडू शकते.

धान्यांच्या मुळांत मात्र वसुलीचा एक निराळा नमुना दिसतो. गहू आणि बार्लीच्या मुळांचा बाहेरचा मऊ थर मूळ जिवंत असतानाच मरतो आणि आतली वाहिन्यांची दोरी चालू राहते. २०१७ सालच्या बार्लीवरील अभ्यासात असा थर गेलेल्या मुळांत नत्र आणि स्फुरद कमी आढळले, श्वसनाचा खर्चही घटला. वृक्षांच्या बारीक मुळांतही बाहेरचा थर आधी जातो. तेव्हा 'मूळ मरते' हे एक वाक्य पुरेसे नाही. कोणता थर आधी मरतो आणि त्या वेळी आतली वाट उघडी आहे का, हे विचारावे लागते.

हे सगळे लिहून आम्ही शिबिरातल्या बाईंना पत्र पाठवले. सुरुवातीलाच कबूल केले, की त्या दिवशीचे उत्तर ठोकून दिलेले होते. खरे उत्तर असे: नत्र परत घेत असेल तर बरेच कमी, पानांच्या मानाने निम्म्याहूनही कमी. स्फुरद काही ठिकाणी चांगलेच. आणि प्रत्येक आकड्यापुढे मोजणी कशी केली ते विचारावे. सोबत झाक्स यांच्या पेटीची कृती लिहून दिली. फळीची उभी पेटी, एका बाजूला तिरकी काच, काचेवर काळ्या कागदाचा पडदा, आत चाळलेली माती, काचेलगत मक्याचे किंवा वालाचे बी. काचेवर मेणाच्या खडूने मुळाच्या टोकाशी रोज खूण करायची. वाढ थांबल्यावरही पेटी मोडायची नाही, मूळ पांढऱ्याचे तपकिरी आणि तपकिरीचे काळे होईपर्यंत नोंद चालू ठेवायची.

तीन महिन्यांनी उत्तर आले. आठवीच्या मुलांनी दोन पेट्या केल्या होत्या. नोंदवहीतले एक पान बाईंनी उतरवून पाठवले होते. वालाच्या एका उपमुळावर तीन मुलांना लक्ष ठेवायला सांगितले होते आणि ते कोणत्या दिवशी मेले हे प्रत्येकाने दुसऱ्याला न विचारता लिहायचे होते. वहीत तीन तारखा होत्या. पहिली आणि तिसरी यांत अकरा दिवसांचे अंतर होते. खाली बाईंनी विचारले होते, यातली कोणती धरू?